दोन सांगाडे आणि एक जोतं

२ फेब्रुवारी

लाकूड की लोखंड? मागच्या अंगणात दादा-वहिनींसाठी जी खोली बांधायची आहे, तिचा सांगाडा कशाचा असावा? मला उत्तर येत नाही. हे फक्त इथे लिहिते आहे, कारण घरात तसं म्हणायची सोय उरलेली नाही. या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, म्हणजे मला सगळंच येतं असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. माझी पदवी भूगोलाची आहे. नद्या, वारे, खडक. खांबांचा तिथे फारसा संबंध येत नाही.

अण्णा सुतार. दादा वेल्डिंगच्या दुकानात. आधी दादाही अण्णांच्या हाताखालीच होता. एके दिवशी रंधा खाली ठेवून तो गेला तो गेलाच, आणि तेव्हापासून बापलेक एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. बोलतात ते माझ्यामार्फत. एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसून.

आज जेवताना असंच झालं.

"तुझ्या भावाला सांग, माणसं लाकडाच्या घरात राहतात. पिंजऱ्यात पोपट राहतो."

"अण्णांना सांग, सरपण चुलीत घालतात. त्यात संसार मांडत नाहीत."

"सांगू का?" मी विचारलं.

"ऐकलंय!" दोघंही एकदम ओरडले. एवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

मग अण्णा म्हणाले, "ही शिकलेली आहे. ही सांगेल ते." दादा म्हणाला, "चालेल. साहेब सांगतील ते." खरं सांगायचं तर माझा ऊर भरून आला. आमच्या घरात आजवर जो जास्त ओरडेल त्याचं चालत आलंय. आता पहिल्यांदा कारणं मांडून काहीतरी ठरणार. वहिनी वाढत होत्या. त्या कधीच बोलत नाहीत.

५ फेब्रुवारी

खोलीचा आराखडा काढला. दिवसभर लागला, पण नीट झालाय. नकाशाच्या शिस्तीने काढला, बारीक टोकाच्या पेनाने, उत्तर दिशेचा बाण दाखवून. दोन प्रती केल्या. एक अण्णांना, एक दादाला. मूळ कागद गवंड्याला दिला.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिला. "हा बाण कशाला?"

"उत्तर कुठे आहे ते कळायला."

"उत्तर मागच्या भिंतीकडे आहे. मी जन्मल्यापासून तिथेच आहे."

दादा म्हणाला, "छान आहे. दुकानात लावतो." म्हणजे काय कोण जाणे.

९ फेब्रुवारी

एक गोष्ट नक्की केली आहे. ऐकीव माहितीवर जायचं नाही, स्वतः पाहून ठरवायचं. आज दोन जागा पाहिल्या.

पहिली, रस्त्याच्या कडेचं एका शिंप्याचं दुकान. लोखंडी चौकोनी पाइपांवर पत्रे. भर दुपारी गेले. आत शिंपी बनियनवर बसला होता आणि घाम कापडावर पडू नये म्हणून मनगटाला फडकं बांधलेलं. "सांगाडा मजबूत आहे हो," तो म्हणाला. "वादळात शेजाऱ्याचं छप्पर उडालं, माझं हललं नाही. पण दुपारी इथे माणूस शिजतो. आणि थंडीत पहाटे आतून पत्र्याला पाणी सुटतं. कापडं ओली." एका जोडापाशी रंग फुगला होता. नखाने खरवडला तर आत तांबूस भुगा.

दुसरी, वखारीमागचं लाकडी घर. एक म्हातारे गृहस्थ एकटे राहतात. आत शिरताच थंड वाटलं. दुपारचं ऊन दाराशीच थांबल्यासारखं. मी मनात लाकडाला कौल दिलाही होता. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि जमिनीलगत एका खांबात खुपसलं. पेन टोपणापर्यंत आत गेलं. वरून खांब नवा दिसत होता. "वाळवी," ते म्हणाले. "वरचा रंग तेवढा ती ठेवते. सभ्य आहे."

म्हणजे एकाला गंज खातो, दुसऱ्याला वाळवी. मी घरी येऊन तक्ता आखला: उष्णता, ओल, आग, कीड, वजन, दुरुस्ती, आयुष्य. अजून पारडं कुठेच झुकत नाही.

१० फेब्रुवारी

तक्त्यावर बसले असताना वहिनी दोनदा दार वाजवून गेल्या. एकदा कपाटातून टॉवेल हवा होता. दुसऱ्यांदा दार उघडलं तर म्हणाल्या, "काही नाही, असू दे." आतली खोली मला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी मिळाली होती. परीक्षा झाली, निकाल लागला, टेबल तिथेच राहिलं. आणि बरंच झालं, नाहीतर बाहेरच्या खोलीत एका बाजूला अण्णांचा खोकला, मध्ये पडदा, पडद्यापलीकडे दादाचं घोरणं. तिथे कोणाला विचार करता येईल?

१४ फेब्रुवारी

घरात भांडण. कारण काय, तर पाणी.

दादाने तांब्या घेताना अण्णांच्या अवजारांच्या फळीला धक्का दिला. एक पटाशी, लाकडात खाचा पाडायची, खाली पडली. दादाचीच जुनी. तो शिकत होता तेव्हा अण्णांनी त्याच्या हाताच्या मापाची मूठ करून दिली होती.

"तुझ्या भावाला सांग, ज्याला जी वस्तू लागत नाही त्याने तिला हात लावू नये."

"अण्णांना सांग, भंगारात घाला ती. मी वेल्डिंगचा डाग द्यायला घेईन, तेवढंच लोखंड तरी कामाला येईल."

अण्णा उठून आपल्या कामाच्या शेडमध्ये गेले. मी मागून डोकावले तर ती पटाशी घेऊन तेल-दगडावर घासत होते. तिला तशीही धार होती. म्हातारपणी माणसं किती हट्टी होतात!

१७ फेब्रुवारी

वहिनी रोज विचारतात, "वन्सं, आज बाहेर जाणार आहात का? किती वाजता येणार?" इतकी चौकशी आईही करत नाही. मला वाटतं त्यांना माझं बाहेर फिरणं पसंत नसावं. त्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्याचा सल असेल. मी समजून घेते.

२० फेब्रुवारी

आज वाचनालय बंद होतं म्हणून लवकर परतले, तर माझ्या खोलीला आतून कडी. वाजवली. बऱ्याच वेळाने वहिनींनी उघडली.

"आत काय करत होतात?"

"काही नाही."

माझ्या कागदांना हात लावला असेल असं वाटून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. खुर्ची तेवढी खिडकीकडे वळवलेली. मग एवढा वेळ कडी लावून करत काय होत्या? आईला सांगितलं. आई म्हणाली, "आल्यापासून तिला वेगळंच व्हायचंय." मी म्हटलं, असं बोलू नकोस, आपण सुशिक्षित घर आहोत आता. आई हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

२६ फेब्रुवारी

जोतं झालं. गवंडी तोंडाने फटकळ, पण हाताला सफाई आहे. माझ्या आराखड्याबरहुकूम दोरी मारून त्याने कोपऱ्यांवर बोल्ट उभे केले. सांगाडा कशाचाही आला तरी त्याच बोल्टवर बसायचा आहे.

"मॅडम, वर काय येणार?"

"ठरतंय."

"लवकर ठरवा. नाहीतर जोत्यावर मी म्हैस बांधीन."

वहिनी जोत्यावर पाणी मारत होत्या. मारता मारता थांबून त्यांनी विचारलं, "वन्सं, दार कुठे येणार? आणि कडी कुठल्या बाजूला?" मी त्यांना नीट समजावलं की आधी सांगाड्याचा मूलभूत प्रश्न सोडवायचा, कडी-कोयंड्यासारख्या किरकोळ गोष्टी शेवटी. त्यांनी मान हलवली आणि उरलेली बादली एकदम ओतली. माझ्या चपला भिजल्या.

३ मार्च

निर्णय झाला. लोखंड.

मनापासून नाही, हे इथे लिहून ठेवते. पण आमच्या अंगणातल्या जमिनीत वाळवी आहे, कुंपणाचे दोन खांब तिने खाल्लेत. वाळवी दिसत नाही, गंज दिसतो. जे दिसतं त्याच्यावर उपाय करता येतो. उन्हासाठी छपराखाली जाड थर घालायचा. असं सगळं मी संध्याकाळी उभं राहून सांगितलं.

दादाने मांडीवर थाप मारली. "बघ! आणि माझा सांगाडा तयारच आहे. कधीचा. फक्त रंगाचा हात राहिलाय."

मला कळेना. "तयार? अरे, ठरलं आत्ता."

"तू काढलास आराखडा तेव्हाच सुरू केला."

"आणि मी लाकूड म्हटलं असतं तर?"

"म्हणाली नाहीस ना."

अण्णा उठले. शेडमधली ताडपत्री ओढली. खाली खांब, तुळया, तिरके आधार, सगळं तासून, खाचा पाडून, जोडीजोडीने खुणा करून रचलेलं. फक्त उभं करायचं बाकी. मी इतके दिवस समजत होते की रागावून शेडमध्ये बसतात आणि स्टुलं करतात.

"मग मला विचारलंत कशाला?" मी ओरडले. होय, ओरडले.

अण्णा म्हणाले, "तू लाकूड सांगितलं असतंस तर त्याला माझ्या लाकडावर बोट ठेवता आलं नसतं."

दादा म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून आता त्यांना माझ्यावर ओरडता येणार नाही."

स्वयंपाकघरातून वहिनींच्या हसण्याचा आवाज आला. त्या या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. छान हसणं नव्हतं ते.

४ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. तक्ता फाडला.

८ मार्च

आज तमाशा झाला. शेजारची माणसं कुंपणाशी उभी राहून पाहत होती.

दादा सांगाडा टेंपोतून घेऊन आला. दुकानातल्या दोघांनी धरून जोत्यावर ठेवला. बसेना. खालच्या पट्ट्यांची भोकं आतल्या अंगाला आणि गवंड्याचे बोल्ट बाहेर. चारही बाजूंनी तोकडा. मोठ्या माणसाला लहान मुलाचा सदरा घातल्यासारखा.

अण्णा ओट्यावर बसून बघत होते. ते उठले, हात झटकले. "सांग तुझ्या भावाला, बाजूला हो म्हणावं. मापाचं काम मापाने होतं." त्यांनी शेजाऱ्यांनाच हाताशी घेऊन खांब उभे केले, तुळई चढवली. ठोकाठोकी न करता खाचा अशा बसल्या की माझ्याही तोंडून वा निघालं. मग ते चार पावलं मागे सरकले आणि त्यांचा चेहरा उतरला. कोपऱ्यातले खांब अर्धे जोत्याच्या बाहेर लटकत होते.

"मॅडमची मापं!" गवंडी कुंपणापलीकडून म्हणाला. "मी आपली रेघेवर दोरी मारली. माझं चोख आहे."

मग सगळे माझ्याकडे वळले.

अण्णांनी खिशातून आराखडा काढला. "ही रेघ. भिंतीची रेघ. ती भिंतीच्या आतली कड, का बाहेरची? मी आतली धरली. सुतार आतून मोजतो. माणूस आत राहतो."

दादा म्हणाला, "मी बाहेरून मोजलं. आम्ही बाहेरून बाहेर मोजतो. पाइप कापायचा असतो."

"रेघ म्हणजे..." मी म्हणाले. "नकाशात सीमेची रेषा असते. तिला जाडी नसते."

"जाडी नसते?" दादा माझ्या अंगावरच आला. "मग त्या भिंतीत राहणार कोण? नदी?"

शेजारी हसले. अण्णासुद्धा हसले. बापलेक कितीतरी दिवसांनी एकाच गोष्टीला हसले आणि ती गोष्ट मी होते.

मी म्हटलं, चूक माझी, पण दुरुस्त होण्यासारखी आहे. लाकूड जास्त आहे तर आखूड करता येईल. लोखंड कमी आहे तर त्याला जोड देता येईल. कोणीतरी एकाने करायचं.

"माझ्या खाचा मी कापणार नाही," अण्णा म्हणाले.

"ठिगळ लावलेला सांगाडा माझ्या नावावर नको," दादा म्हणाला.

दोन्ही सांगाडे जोत्यावरून उतरवून अंगणात ठेवले. एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये रिकामं जोतं.

माणसं पांगल्यावर अण्णा लोखंडी सांगाड्यापाशी उभे होते. वाकून एका जोडावरून अंगठा फिरवत होते, पुन्हा पुन्हा, मागेपुढे. मी जवळ गेले. "काय झालं?"

"काही नाही. धार राहिलीये का बघतोय. कुणाला लागायची."

१३ मार्च

कोणी कोणाशी बोलत नाही. आता माझ्यामार्फतही नाही. वहिनी लोखंडी सांगाड्यावर धुणं वाळत घालतात. दादाने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. आईने लाकडी खांबांवर मसाल्याचे डबे उन्हात ठेवलेत. दोन्ही सांगाड्यांचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

१९ मार्च

आज सकाळी फुटलंच. दादा म्हणाला, तो दुकानाच्या माळ्यावर राहायला जाणार. अण्णा म्हणाले, खुशाल जा. आई वहिनींवर घसरली. "हिच्याच पायी हे चाललंय. एक वर्ष पडद्याआड राहवेना हिला. आम्ही नाही राहिलो?"

वहिनी भांडी घासत होत्या. हातातलं ताट त्यांनी इतकं हळू खाली ठेवलं की सगळे तिकडे वळले.

"लाकडाची बांधा," त्या म्हणाल्या. "लोखंडाची बांधा. कागदाची बांधा. मला कशाचीही चालेल. मला आतून कडी पाहिजे. मी कपडे बदलताना सासरे खोकून आत येतात, नवरा भांडताना पडदा बाजूला करतो, सासूबाई पडद्यातून हात घालून उठवतात. एक वर्ष मी या घरात एकटी अशी कधी नाही. न्हाणीघरात सुद्धा बाहेरून कोणीतरी विचारतं, झालं का."

अण्णा चपला शोधू लागले. "कडी काय," ते पुटपुटले, "ती शेवटी बसवायची असते."

"तेच ना. शेवटीच."

मी म्हटलं, "पण वहिनी, हे तुम्ही आधी बोलायला हवं होतं. मी आराखड्यात..."

"बोलले होते." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही म्हणालात, किरकोळ गोष्टी शेवटी."

मी खोलीत आले. सवयीने कडी लावली. छोटी पितळी कडी, अण्णांनीच बसवलेली, मला अभ्यासात कोणी व्यत्यय आणू नये म्हणून. जरा वेळ उभी राहिले. मग काढली. मग पुन्हा लावली. तिचा आवाज इतका मोठा येतो, हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळलेली होती. कधी वळवली, ठाऊक नाही. मी तिच्यावर बसले. तिथून फक्त कुंपण दिसतं आणि थोडं आभाळ. पाहण्यासारखं काहीच नाही.

२० मार्च

सकाळी चहा होताच मी पुस्तकं बाहेर काढायला लागले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. गादी ओढली तेव्हा आई म्हणाली, "झाडतेस का?"

"नाही. ही खोली दादा-वहिनींची. मी पडद्याआड."

"डोकं फिरलंय का तुझं? तुझा अभ्यास?"

"संपला. निकाल लागला."

दादा दाढी अर्धी ठेवून आला. "उपकार नकोत मला कुणाचे. माझी खोली मी बांधीन."

"बांध की. कोण अडवतंय? आणि तुला कोण देतंय? मी वहिनींना दिली."

अण्णा दारातून म्हणाले, "मग त्या जोत्याचं काय? एवढं जोतं घातलं."

"गवंड्याला विचारा. त्याची म्हैस आहे."

कोणी हसलं नाही. दादा म्हणाला, शिकून माज आलाय. आई म्हणाली, उद्या लोक विचारतील तर काय सांगायचं, लग्नाच्या मुलीला पडद्याआड घातली म्हणून? अण्णा म्हणाले, घरात कोणी विचारून काही करतंय का आता. मी म्हटलं, "मला विचारून तुम्ही काय केलंत?" रागाने सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते, माझाही तसाच असणार.

टेबल दारातून निघेना. कोणी हात लावेना. शेवटी दुसऱ्या टोकाला वहिनी आल्या. आम्ही ते आडवं केलं आणि बाहेर काढलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "खुर्ची राहू द्या," आणि आत गेल्या. आभार वगैरे नाही. मला थोडं लागलं, हेही लिहून ठेवते.

मग आतून कडी लागली.

दादा अर्ध्या दाढीनिशी त्या दाराकडे बघत उभा होता. अण्णाही. वहिनी आत एकट्याच होत्या. दादालासुद्धा बाहेरच ठेवलं होतं.

लाकूड की लोखंड, ते मला अजून माहीत नाही. अंगणात दोन्ही सांगाडे तसेच आहेत. दुपारी अण्णा उगीचच फूटपट्टी घेऊन लोखंडाच्या भोवती फिरत होते, आणि दादाने दुकानातून येताना पाइपाचे तुकडे आणून कोपऱ्यात टाकलेत. कशाला, ते मी विचारलं नाही. मला आता दोघांनीही काही विचारू नये.

चहाची वेळ झाली तशी आईने वहिनींना हाक मारली, "अगं ए, ऐकलंस का?" आतून उत्तर नाही. आईने पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात. दार उघडलं नाही.

मी उठले आणि चहा ठेवला.